बारा पिशव्यांची गाठ

१५ सप्टेंबर, सोमवार

नवी वही. कंपनीत अकरा वर्षं सर्किट बोर्ड जोडले, तेव्हा लिहिण्यासारखं काही घडतच नव्हतं. आता स्वतःचं वर्कशॉप आहे. बोईसरजवळ कुंभवलीत, पिठाच्या गिरणीमागे पत्र्याची एक खोली, आणि दारावर माझ्या नावाची पाटी: अपेक्षा इलेक्ट्रॉनिक्स. उद्या कुणी मुलाखत घ्यायला आलं तर तारखा तोंडपाठ पाहिजेत, म्हणून लिहिते.

काम डेन्मार्कचं आहे. तिकडे ओडेन्स गावात मॅस म्हणून एक माणूस आहे. चांगली नोकरी सोडून एकटाच वाद्यं बनवतो. मोठं नाव नाही, शोरूम नाही. घराच्या तळघरात बसून डोकं तो चालवतो आणि जोडणी माझ्याकडे देतो. वाद्य म्हणजे हातभर लांबीची लाकडी पेटी. भाता नाही, तारा नाहीत. वर पंचवीस पट्ट्या, चांदीचा मुलामा दिलेल्या. पट्टीला उघडं बोट लावलं की आवाज येतो. बोट कोरडं असेल तर बारीक, ओलसर असेल तर भरदार.

साठ पेट्या नाताळच्या आधी तिकडे पोचल्या आणि नीट वाजल्या, की पुढच्या दोनशे माझ्या. नाही वाजल्या, तर पाटी उतरवून परत कंपनीच्या गेटवर कार्ड पंच करायला जायचं. माझ्या नवऱ्याला, भाग्येशला, दुसरंच होणार असं वाटतं. तोंडानं बोलत नाही, पण पाटी लावताना शिडी धरायला आला नाही.

माणसं दोन. मंगळी बोर्डाचं सोल्डरिंग करते. सोमी पट्ट्या घासून, पुसून बसवते आणि पेटी पिशवीत बंद करते. तपासणी माझी.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

आज मॅसचा व्हिडिओ कॉल. मी त्याला तयार पेट्या दाखवत होते तेवढ्यात मागे आवाज सुरू झाला. सोमी. ही तारापूर गावची, समुद्रावरची. हात सदा घामेजलेले. पट्टी बसली का बघायला म्हणून बोटं लावते आणि मग तिकडेच रमते. कुठलं गाणं नाही, काही नाही. एक बोट एका पट्टीवर धरून ठेवायचं, दुसरं हळूहळू सरकवायचं.

मॅस बोलायचा थांबला. म्हणाला, कोण वाजवतंय? कॅमेरा तिकडे फिरव ना. मी फिरवला. तो चांगली दोन मिनिटं ऐकत बसला. माझ्याच वाद्यातून असा आवाज निघतो हे मला माहीत नव्हतं म्हणाला. सोमी लाजून पदर तोंडाशी धरून उभी.

कॉल संपल्यावर मी तिला म्हटलं, "बाई गं, कलाकार झालीस. आता पट्ट्या कोण बसवणार?" ती हसली. मंगळीही हसली. मला काही फार हसू आलं नाही. अकरा वर्षं बोर्ड मी जोडले, इंग्रजी मी शिकले, मॅसला इंटरनेटवर मी शोधला, आणि दोन मिनिटं तो ऐकतो कुणाचं, तर घामट हातांचं.

३० सप्टेंबर, मंगळवार

पिशव्यांची तोंडं चिकटवायचं मशीन बंद पडलं. दुरुस्त करणारा दसऱ्यानंतर येणार. मॅसच्या सूचनांच्या कागदावर लिहिलंय की पट्ट्या बसवल्या की पेटी त्याच दिवशी पिशवीत हवाबंद करावी. त्याचं सगळंच नाजूक. सोमीनं माझी वाट न बघता बारा पिशव्या नायलॉनच्या दोऱ्यानं बांधूनही टाकल्या. जाळ्याला मारतात तसली काहीतरी गाठ. मी सोडवायला गेले तर नख तुटलं.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

आमच्याकडे दसऱ्याला हत्यारांची पूजा असते. वडील पॉवर प्लँटमध्ये फिटर होते, पाने-पक्कड पुसून पाटावर मांडायचे. मी ठरवलं, पहिला दसरा आहे, नुसत्या हत्यारांची कसली पूजा? साठच्या साठ पेट्या मांडायच्या. पिशवीतला माल देवीला काय दिसणार!

सोमी कुरकुरली. "ताई, उगडं नका ठेवू. माझे पैंजण बगा, गणपतीला उजळून आनले, आता कसे झालेत." आणि साडी वर करून काळेकुट्ट पैंजण दाखवले. मी म्हटलं, "तू घासत नसशील. पाय चिखलात, समुद्रात, पैंजण काय चकाकणार?" मंगळी तोंड दाबून हसली.

बारा पिशव्यांच्या गाठी काही सुटेनात. कात्री मागितली तर सोमी म्हणते, "सणाच्या दिवशी कापाकापी नको ना, ताई."  मग त्या बारा तशाच बंद ठेवल्या, वरून हळदीकुंकू लावलं. बाकीच्या अठ्ठेचाळीस पिशव्यांतून काढून उघड्या, ओळीत. प्रत्येक पेटीवर झेंडूचं एक फूल. इतकं सुंदर दिसत होतं की फोटो काढून मॅसला पाठवला. त्याचं उत्तर आलं, फार सुंदर, पण पुन्हा लवकर बंद कराल ना? किती ती काळजी!

दुपारीच नगरला सासरी निघाले. पूजेतला माल मी आल्यावर मीच उचलणार, कुणी बोट लावायचं नाही, असं दोघींना बजावलं.

४ ऑक्टोबर, शनिवार. नगर

सकाळी सोमीचा फोन. "ताई, काल रातभर लय वास आला. डोळे चुरचुरतात. मंगळीची पोर खोकून खोकून बेजार हाय. मी माल झाकू का? नुसता प्लास्टिक टाकते वरून."

इथे तीस पाहुणे, हातात पुऱ्यांचं पीठ, आणि हिचं हे. कुंभवलीत केमिकलच्या कारखान्यांचा वास कधी येत नाही? मी म्हटलं, "पूजेला हात लावलास तर बघ. वास नाकाला येतो, पेटीला नाक आहे का?" जाऊबाई हे ऐकून खूप हसल्या. दिवसभर सगळ्यांना सांगत होत्या.

७ ऑक्टोबर, मंगळवार

आले. मशीन दुरुस्त झालं. अठ्ठेचाळीस पेट्या मीच पिशव्यांत घालून चिकटवल्या. पट्ट्यांवर थोडी पिवळट झाक दिसली. पूजेची हळद उडाली असणार. फडक्यानं पुसली, सगळी काही जात नाही. म्हटलं असू दे, देवीचा प्रसाद. तपासणी दसऱ्याआधीच झालेली होती, पुन्हा करत बसले नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

व्हिसा आला! डिसेंबरात ओडेन्सला नाताळचा बाजार भरतो. तिथे मॅसला छोटा स्टॉल मिळाला आहे आणि त्यानं मलाही बोलावलं आहे. विमानाचं तिकीट त्याचं, राहायचं त्याच्याच घरी. भाग्येश म्हणाला, "थंडीत जाऊन करणार काय तू?" मी म्हटलं, विकणार. जायच्या आधी जोडवी, पैंजण, सगळी चांदी उजळून घेतली. परदेशात काळ्या जोडव्यांनी जायचं म्हणजे लाज.

६ डिसेंबर, शनिवार. ओडेन्स

साडेतीनला अंधार होतो. चार वाजता वाटतं की आता झोपावं. सगळ्या खिडक्यांत कागदाच्या चांदण्या आणि दिवे, पण रस्त्यावर चिटपाखरू नाही. मॅसच्या घरी त्याची आई असते, किर्स्टन. ऐंशीच्या पुढची, काठीसारखी ताठ. दारातच तिनं माझे बूट काढायला लावले आणि स्वतः विणलेले लोकरीचे मोजे दिले. मोजे चढवताना माझी जोडवी बघून तिनं हात लावून पाहिला. मॅसकडून विचारून घेतलं, ही रोज घालता?

टेबलावर एक जाड मेणबत्ती आहे. तिच्यावर एक ते चोवीस आकडे. रोज नाश्त्याला एक आकडा जळेपर्यंत पेटवायची, मग फुंकायची. म्हातारी हे काम कुणाला करू देत नाही. आज सहाचा आकडा गेला. कचऱ्याचे इतके वेगवेगळे डबे आहेत की केळ्याची साल हातात घेऊन मी दहा मिनिटं उभी होते.

७ डिसेंबर, रविवार

बाजार फार छान. लाकडी टपऱ्या, गरम मसाल्याची दारू, गुळमट वासाचे गोल अप्पे, वर पिठीसाखर. आमच्या शेजारी एक बाई लोकरीच्या बाहुल्या विकते, पलीकडे एकजण मध. आणि मधे आम्ही, इलेक्ट्रॉनिक पेट्या! मॅस लोकांना सांगतो की या भारतात बोईसरजवळ हातानं जोडलेल्या आहेत आणि ही ती बाई. लोक माझ्याशी हात मिळवतात. नऊ पेट्या गेल्या.

१६ डिसेंबर, मंगळवार

एक माणूस पेटी परत घेऊन आला. मुलीला नाताळची भेट म्हणून घेतली होती. पंचवीसपैकी अकरा पट्ट्या मुक्या. पट्ट्या काळपट झालेल्या.

संध्याकाळी अजून दोन आल्या.

१७ डिसेंबर, बुधवार

विकलेल्या पेट्याही मॅसनं फोन करून परत मागवल्या आणि साठच्या साठ तळघरात उघडल्या.  अठ्ठेचाळीस काळ्या. कुठे तपकिरी, कुठे निळसर, कुठे ठार काळ्या. मुलाम्याचा थर इतका पातळ की घासला तर खालचं तांबं दिसतं. आणि बारा चकचकीत. अगदी आज बसवल्यासारख्या, खणखणीत वाजतात. या बारा बहुतेक मी शेवटी जातीनं तपासल्या असतील. त्याशिवाय असं कसं होईल?

मॅस ओरडला नाही. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. बाकावर बसून म्हणाला, पुढच्या दोनशेचं काय करावं ते मला आता कळत नाही. वरून म्हातारीनं गरम दूध पाठवलं.

२० डिसेंबर, शनिवार

तीन दिवस घासतोय. माझी बोटं सोलली. जेवणही उभ्या उभ्याच.

आज मॅसनं विचारलं, पट्ट्या कोण बसवतं? काम कसं होतं, सुरुवातीपासून सांग. दसऱ्याचं काय सांगायचं? आमची पूजा त्याला काय कळणार? उगाच म्हणेल, देवाधर्माच्या नादात माल बिघडवला. माझ्याच तोंडानं मी आपल्या धर्माला नावं ठेवून घेऊ?

मी म्हटलं, पट्ट्या सोमी बसवते. तीच, जी वाजवत होती. तिच्या हाताला खारा घाम येतो, समुद्रावरची आहे. आणि चांगल्या निघाल्या त्या बारा? मॅसनं विचारलं. त्या मी बसवल्या, म्हटलं. एकदा तोंडातून गेलं की पुढचं आपोआप येतं. विचार करून पाहिला तर खोटं तरी काय त्यात? घाम तर तिला येतोच.

 मॅस म्हणाला, मला तिच्याशी एकदा बोलायचं आहे. रागावण्यासाठी नाही, नीट समजून घ्यायचं आहे.

२२ डिसेंबर, सोमवार

इथे दुपारी व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सोमी वर्कशॉपमध्ये, केस विंचरून, नव्या साडीत. तिला वाटलं होतं नाताळच्या शुभेच्छा द्यायला फोन आहे. मंगळीला मी बाहेर पाठवलं.

मॅसनं इंग्रजीत विचारलं, मी मराठीत सांगितलं, "सोमी, तुझ्या हातच्या पट्ट्या काळ्या पडल्या. त्याला विचारायचंय, असं कसं केलंस?"

तिचं तोंड एवढंसं झालं. "माज्या हातानं? ताई, मी तर दर पट्टी फडक्यानं पुसून, मगच लावायची. ते दसऱ्याला पाच दिस उगडं ऱ्हायलं ना, तवा वास आला व्हता. तुमाला फोन पन केला मी. झाकू का बोलले. तुमी नको बोलल्या. सांगा ना त्याला, ताई."

मॅस माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, ती माफी मागते आहे. हातमोजे घालायचे राहिले म्हणते.

मॅसचे कान लाल झाले. तो म्हणाला, चूक माझीही आहे, हातमोज्यांचं मी कागदावर लिहायला हवं होतं. तिला सांग, मनाला लावून घेऊ नको. तिला नाताळच्या शुभेच्छा. आणि तिचं वाजवणं मी विसरलेलो नाही हेही सांग.

मी म्हटलं, "सोमी, मॅस म्हणतो, उद्यापासून कामाला येऊ नकोस."

ती मॅसकडे बघत राहिली. तो हसून हात हलवत होता.

"मग हसतो कशाला, ताई?"

"त्यांच्यात तशी पद्धत आहे," मी म्हटलं.

तिनंही मग हात हलवला. फोन मीच बंद केला.

मला काही हे करून आनंद झाला असं नाही. पण शब्दाला शब्द सांगत बसले असते तर मंगळीचंही काम गेलं असतं आणि माझंही. एकीनं सोसलं, दोघी तरल्या. धंदा करणाऱ्याला मन घट्ट करावं लागतं, हे कंपनीतले साहेब म्हणायचे तेव्हा पटत नव्हतं.

२४ डिसेंबर, बुधवार

आज यांचा मुख्य सण. मेणबत्तीचा चोविसावा आकडा सकाळी जळाला. संध्याकाळी भाजलेलं बदक, गोडसर लाल कोबी, साखरेत घोळवलेले बटाटे. खऱ्या झाडाला खऱ्या मेणबत्त्या लावून तिघं हातात हात धरून भोवती फिरलो. मॅस आणि किर्स्टन आजी गात होते, मी नुसती ओठ हलवत होते. आजीचा हात थंड आणि हलका होता.

मग दूध-साईतला गार भात आला, वर चेरीचा गरम रस. मला भूक होती, भराभर खाल्ला. मधे काहीतरी कडक दाताखाली आलं, बदाम होता, चावला आणि गिळला. मग मॅस मला सांगू लागला, की या भातात एकच अख्खा बदाम असतो. ज्याला मिळेल त्यानं तो गालात लपवून ठेवायचा, बाकीच्यांनी शोधत खात राहायचं, आणि शेवटी दाखवला की त्याला बक्षीस. आजी गेली साठ वर्षं हा बदाम स्वतः घालते.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण खुळ्यासारखी खाऊन बसले हे सांगणार कसं? परवाच त्यांच्यासमोर इतकं झालेलं. 

ते दोघं खात राहिले. पोट भरलं तरी आजी थोडा थोडा वाढून घेत राहिली, चमच्यानं चाळत राहिली. भांडं रिकामं झालं. बदाम नाही. मॅस म्हणाला, आई, घातलास ना? ती उठली, स्वयंपाकघरात जाऊन बदामाची पुडी बघून आली. पुन्हा बसली. डॅनिशमध्ये काहीतरी म्हणाली. मॅसनं मला इंग्रजीत सांगितलं, ती म्हणते, मी घातला असं मला पक्कं आठवतंय, पण आता माझ्या आठवणीवर माझा भरवसा राहिला नाही. गेल्या वर्षी तिच्या बहिणीचं असंच सुरू झालं होतं.

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. म्हटलं, होतं असं वयात. ती रडली. बक्षिसाचं साखरेचं डुक्कर तिनं मलाच दिलं, पाहुणी म्हणून.

२७ डिसेंबर, शनिवार

दोन दिवस सगळं गाव बंद होतं.  आजी कपाटांवर चिठ्ठ्या चिकटवते आहे, कुठे काय ठेवलंय त्याच्या.

आज मॅसनं एक वाटी आणून माझ्यासमोर ठेवली. वाटीत दोऱ्याचे बारा तुकडे, प्रत्येकात एक गाठ. म्हणाला, चांगल्या निघालेल्या बारा पेट्या या पिशव्यांतल्या होत्या. गाठ सुटेना म्हणून कापावी लागली, पण टाकवली नाही. ही कुणी बांधली?

"मी," म्हटलं.

तो कितीतरी दिवसांनी हसला. म्हणाला, बहुतेक मशीनच्या पिशव्यांत हवा शिरत असेल. तू बसवलेल्या पट्ट्या, तू मारलेली गाठ. पुढच्या दोनशे तुझ्याच. फक्त सगळ्या पिशव्या अशाच बांधायच्या, आणि पहिली बांधताना मला व्हिडिओवर दाखवायची.

दोनशे! पाटी राहिली. भाग्येशला लगेच फोन केला. तो म्हणाला, बरं झालं. त्याला त्याहून जास्त शब्द येत नाहीत.

३ जानेवारी, शनिवार. सरावली

घरी. निघताना आजी मला माझ्या नावानं हाक मारायला गेली आणि अडखळली. मग स्वतःच घाबरली. मॅसनं तिला जवळ घेतलं. माझं नाव तिकडच्या लोकांना अवघडच आहे.

५ जानेवारी, सोमवार

एक गंमत. डेन्मार्कात महिनाभर जोडवी अशी चमकत होती की वाटावं कालच सोनाराकडून आणली. इथे दोन दिवस वर्कशॉपमध्ये काय गेले, काळी पडायला लागली. तिकडचं पाणीच चांगलं असणार.

गाठ मात्र जमत नाही. मोबाइलवर बघून बघून चाळीस प्रकारच्या मारल्या. एकतर सुटते नाहीतर पिशवी फाटते. मॅसला शुक्रवारी दाखवायची आहे.

८ जानेवारी, गुरुवार

सोमीच्या घरी गेले, तारापूर गावात. बरोबर डेन्मार्कचा बिस्किटांचा डबा, दोऱ्याचं रीळ आणि पाच पिशव्या. ती अंगणात बायडी नावाच्या तिच्या सासूबरोबर बोंबील वाळत घालत होती. मला बघून धावत आली. खुर्ची पुसली, चहा टाकायला सांगितला. बायडी म्हणाली, "सून रोज वाट बगते तुमची. बोलते, ताई आली का घेऊन जाईल मला."

मी म्हटलं, "सोमी, जरा ती गाठ दाखव. अशीच, सहज."

ती हात पुढे करेना. पदरात धरून उभी. "हात लावू ना, ताई?"

तेव्हा मी तिचे हात बघितले. लालभडक, बोटांच्या पेरांना चिरा पडलेल्या. म्हणाली, "रोज चुलीच्या राखेनं घासते. लिंबू पन लावते. डाक्टरला दाखवले. तो बोलला, हाताला काय नाय झालंय. पन मी घासतेच. घाम कमी झालाय, बगा." आणि तळहात माझ्यापुढे धरले.

मी म्हटलं, "बरं केलंस. गाठ दाखव."

तिनं सावकाश दाखवली. दोरा बोटावरून एकदा घ्यायचा, शेंडा खालून वर काढायचा, मागून फिरवून पुन्हा त्याच भोकात घालायचा, मग ओला करून ओढायचा. कोरडा ओढला तर सरकतो, म्हणून ती प्रत्येक वेळी दोरा ओठांत धरत होती. चिरांतून दोरा गेला की थांबायची, मग पुन्हा. तीनदा दाखवली. चौथ्यांदा मला जमली. ती टाळ्या वाजवायला लागली. "आता मासा काय, वारा पन जानार नाय आत!"

चहा घेतला. निघाले तेव्हा ती वेशीपर्यंत आली.

"मग सोमवारी येऊ, ताई?"

"कळवते," म्हटलं.

"पंधरा दिस अजून घासू का हात?"

"घास," म्हटलं. नाही म्हणून तिला दुखवायचं कशाला?

९ जानेवारी, शुक्रवार

मॅसला गाठ दाखवली. पहिल्या झटक्यात बसली. त्यानं टाळ्या वाजवल्या, बाजूला आजी होती, तिनंही वाजवल्या. मग तिनं मॅसला विचारलं, ही कोण? तो गडबडीनं मला म्हणाला, थकली आहे ती. मी हात हलवला.

संध्याकाळी सोमीचा फोन आला. उचलला नाही. मग तिनं आवाज पाठवला.

"ताई, एक सांगायचं ऱ्हायलं. गाठ मारायच्या आदी पिशवीतला वारा हातानं दाबून सगळा काडा. आपल्याकडचा वारा चांगला नाय."

करून पाहिलं. खरंच, पिशवी अगदी चापून बसते आणि दिसतेही सुबक. उद्या मंगळीला तसंच शिकवते.